रत्नागिरीस काय पाहावे?

प्रवासास निघालेल्या माणसास पूर्वी घरची मंडळी 'जपून जा' म्हणून सांगत. आता 'काय काय पाहणार?' म्हणून विचारतात. एवढ्या एका फरकात गेल्या शंभर वर्षांचा बराचसा इतिहास सामावला आहे. प्रवास हे संकट होते तेव्हा सुखरूप परत येणे हीच त्याची फलश्रुती असे. आता तो करमणूक झाल्यामुळे त्याचा हिशेब मागितला जातो. अमुक नगरीत पाहण्याजोगी दहा स्थळे, तमुक किनाऱ्यावर न चुकविण्याजोग्या बारा गोष्टी, अशा याद्यांचा सध्या सुकाळ आहे, आणि यादीतील शेवटच्या नावापुढे खूण झाली की गाव पाहून संपले, अशी सर्वांची समजूत दिसते. याद्यांशी आमचे वैर नाही. काशीयात्रेस जाणाऱ्या आमच्या पूर्वजांचीही यादी ठरलेली असे, आणि ती पुरी करवून घेण्यास पंडे हजर असत. मात्र त्या यादीच्या अखेरीस पाप जात असे, निदान गेले असे वाटत असे. आजच्या यादीच्या अखेरीस जाते ती रजा.

हे विचार सुचण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमची कन्या नोकरीनिमित्त बंगळुरास असते. मैत्रिणींसह दोन दिवस रत्नागिरीस जाण्याचे तिने ठरविले आणि 'बाबा, तिथं काय काय पाहावं?' असे आम्हांस विचारले. प्रश्न साधा होता. उत्तर देण्यास आम्हांस आठ दिवस लागले. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्यास साध्या प्रश्नाचे साधे उत्तर देण्याची सवय राहत नाही, हे एक कारण. दुसरे असे की, आमचे वडील रत्नागिरीजवळचे, आजोबा तेथलेच, आणि कुलवृत्तांतात ज्यांची नुसती नावे उरली आहेत ते त्यांचे वाडवडीलही तेथलेच. या मंडळींस 'रत्नागिरीत काय पाहावे?' असे कोणी विचारले असते, तर ती विचारणाराकडेच पाहत राहिली असती. पुढे लिहिले आहे ते त्या उत्तराचेच विस्तारलेले रूप होय. कन्येस पाठविलेले पत्र यापेक्षा पुष्कळ लहान होते, आणि तिने ते शेवटपर्यंत वाचले की नाही, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.

रत्नागिरीस पोहोचणे आता सोपे झाले आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, आणि जेथे जाण्यास पूर्वी एक तर बोट लागावी किंवा घाट उतरावा लागे, तेथे मुंबईकर मंडळी आता सकाळचा चहा घेऊन निघतात आणि जेवणाच्या वेळेस दाखल होतात. गाव जवळ आले की गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटर लांबीचा हा अंधार आम्हांस नेहमी फार उपकारक वाटत आला आहे. मुंबई डोक्यातून जाण्यास तेवढा वेळ लागतोच. गोव्याकडून येणारास पानवलचा पूल लागतो. चौसष्ट मीटर उंचीवरून खालची झाडी दुर्वांच्या जुडीसारखी दिसते. स्थानक मात्र गावापासून दूर, सड्यावर आहे. तेथे उतरणारास समुद्र दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. आणि त्यामुळेच की काय, निम्मे प्रवासी स्थानकावरूनच गाडी ठरवून परस्पर गणपतीपुळ्यास जातात. पुळ्याच्या देवाविषयी आमच्या मनात पूर्ण श्रद्धा आहे, आरे-वाऱ्याच्या रस्त्यावरून दिसणारा समुद्र अतिशय रमणीय आहे, आणि पलीकडच्या मालगुंडास केशवसुतांच्या स्मारकाजवळ घटकाभर बसावे अशी आमची प्रत्येक मराठी वाचकास आग्रहाची विनंती आहे. पण हे सारे रत्नागिरीच्या बाहेरचे झाले. एखाद्याच्या घरी जाऊन ओसरीवरूनच शेजाऱ्याकडे निघून जावे, तशातला हा प्रकार होय.

प्रथम रत्नदुर्गावर जावे. हा किल्ला बहामनी काळातला. १६७० साली तो शिवाजीमहाराजांनी घेतला. त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा असून तीन बाजूंस समुद्र आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ आहे. नालाच्या दुसऱ्या टोकास दीपगृह उभे आहे. सकाळी लवकर जावे, कारण संध्याकाळी तेथे सूर्यास्त पाहणारांची गर्दी असते, आणि सूर्यापेक्षा एकमेकांच्या पाठीच अधिक दिसतात. तटावरून खाली पाहिले की गावाची सारी रचना एका दृष्टिक्षेपात ध्यानी येते. एका अंगास मांडवीची काळी पुळण, तिच्यापुढे भाट्याची खाडी आणि काजळी नदीचे मुख. दुसऱ्या अंगास मिऱ्याचा डोंगर आणि त्याच्या कुशीतील पुळण. गावकरी एकीस 'काळा समुद्र' म्हणतात, दुसरीस 'पांढरा समुद्र'. पाणी अर्थात दोहोंकडे एकच, रंग वाळूचा. येथल्या वाळूत इल्मेनाइट नावाचे लोह आणि टायटॅनियम यांचे काळे, जड खनिज असते, आणि ज्या पुळणीवर लाटा ते अधिक साचवितात ती काळी दिसते. लहानपणी आम्हांस मांडवीची वाळू कोळशाची वाटे, आणि आगबोटींनी ती केली असावी असा आमचा तर्क होता. खरे कारण कळल्यावर ज्ञान वाढले, पण आनंद मात्र थोडा घटला.

किल्ल्यावरून उतरताना मिरकरवाड्याच्या बंदरावर थांबावे. 'प्रेक्षणीय स्थळ' या शब्दाने ज्या गोष्टींचा बोध होतो त्यांपैकी येथे काहीही नाही. चिखल आहे, बर्फाच्या फोडलेल्या लाद्या आहेत, डिझेलचा धूर आहे आणि वास तर असा आहे की, शुद्ध शाकाहारी मनुष्य पाच मिनिटांत देवळाची वाट विचारू लागतो. पण होड्या लागल्या की टोपल्या भराभर खाली येतात, बांगडा, तार्ली, सुरमई, कोळंबी यांचे ढीग होतात, आणि लिलाव सुरू होतो. बोली लावणाराचे शब्द कळण्यापूर्वीच माल दुसऱ्याचा झालेला असतो. दालदी, खारवी, गाबीत, भंडारी अशा नाना जातिधर्मांच्या माणसांचे पोट या किनाऱ्यावर शतकानुशतके समुद्राने भरले आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांस मासेमारी बंद असते; तेव्हा त्या किनाऱ्यावर ताडपत्र्या पांघरून पडून राहतात, जाळी दुरुस्त होतात, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा समुद्र सुरू होतो. 'समुद्र सुरू होतो' हा प्रयोग आमचा नव्हे, तेथलाच आहे. समुद्रास नुसता देखावा समजणाऱ्या माणसाच्या तोंडी तो कधीच आला नसता.

आता जे सांगावयाचे ते या देखाव्यामागचे आहे. किल्ल्यावरून गाव पाहताना एक गोष्ट मनात येतेच: पुढे समुद्र, मागे डोंगर, मध्ये नद्या आणि खाड्या. ज्या रचनेमुळे हे गाव इतके सुंदर दिसते, त्याच रचनेमुळे ते इंग्रज सरकारास माणसे अडकवून ठेवण्यास सोयीचे वाटले. हे ध्यानी घेतल्यावाचून थिबा राजाचा वाडा पाहणे म्हणजे मुखपृष्ठ पाहून ग्रंथ परत करण्यासारखे आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यास राण्यांसह बोटीत बसवून प्रथम रंगूनला, तेथून मद्रासेस आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. तेथे तो मरेपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९१६ पर्यंत, राहिला. तीस वर्षे! मंडालेस त्याने राज्य केले ते सात वर्षे. रत्नागिरीस काढली त्याच्या चौपटीहून अधिक. आज जो वाडा लोक पाहावयास जातात, तो १९१० साली बांधून झाला. म्हणजे येथे आल्यानंतर चोवीस वर्षांनी राजास आपल्या इतमामाचे घर मिळाले, आणि त्यात राहण्यास त्यास पुरती सात वर्षेही लाभली नाहीत. सरकारी कारभाराची गती त्या काळीही आजच्यासारखीच होती, एवढे समाधान आमच्यासारख्या निवृत्तिवेतनाच्या उंबरठ्यावरील मनुष्याने मानून घ्यावे.

वाडा उंचावर आहे. तांबूस रंगाच्या भिंती, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या. आत आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्यातील वस्तू पाहाव्यात. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखाद्या खिडकीपाशी उभे राहून बाहेर पाहावे. काजळीचे वळण, भाट्याचे सुरूबन, आणि त्यापलीकडे मोकळा समुद्र. जवळच्या 'थिबा पॉइंट' नावाच्या टेकाडावरून हाच देखावा आणखी उघडा दिसतो, आणि तो पाहून प्रत्येक प्रवासी 'अहाहा' म्हणतो. आम्हीही म्हणतो. परंतु हा समुद्र रोज सकाळी उठून ज्याने तीस वर्षे पाहिला, ज्याचा देश या समुद्राच्या नव्हे, हिंदुस्थानाच्या पलीकडल्या समुद्राच्या काठी होता, त्याच्या तोंडून कोणता उद्गार निघत असेल? सूर्य येथे पाण्यात बुडतो. त्याचा देश पूर्वेस, पाठीमागे होता. पश्चिमेकडच्या या अथांग पाण्यात त्याच्यासाठी कोणतीच वाट नव्हती. आमच्या वर्गात अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' या २००० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा विषय निघाला, म्हणजे विद्यार्थी तिच्यातील रत्नागिरीविषयी मोठ्या उत्साहाने बोलतात. त्यांपैकी चिपळूणच्या एका मुलाने हा वाडा पाहिलेलाच नव्हता. 'सर, तो तर आपलाच आहे,' असे त्याने त्याचे कारण सांगितले.

दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादुरशहा यास इंग्रजांनी १८५८ साली रंगूनला धाडले होते. तो तेथेच १८६२ साली वारला. पुढे ब्रह्मदेशचा राजा हिंदुस्थानात आणून ठेवला. या देवघेवीचा तिसरा भाग आम्हां मराठी लोकांस अधिक जवळचा आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. टिळक आळीतील ते घर आजही पाहावयास मिळते: कौलारू, चिऱ्याच्या भिंतींचे, मोठ्या माणसाच्या जन्मघरास शोभेल इतके साधे. १९०८ साली टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारने त्यांस पाठविले कोठे, तर मंडालेस. १९१०-११ च्या हिवाळ्यात रत्नागिरीत जन्मलेला मनुष्य मंडालेच्या तुरुंगात बसून 'गीतारहस्य' लिहीत होता, आणि त्याच सुमारास मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात सामान लावीत होता. अशी जुळणी एखाद्या कादंबरीकाराने केली असती, तर परीक्षकांनी तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते. इतिहासास परीक्षकांचे भय नसते.

टिळक आळीपासून पतितपावन मंदिर दूर नाही. १९२४ साली विनायक दामोदर सावरकर यांची जी सुटका झाली, ती रत्नागिरी जिल्हा सोडावयाचा नाही आणि राजकारणात पडावयाचे नाही, या अटींवर. ही स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने १९३१ साली बांधलेले हे मंदिर त्याच काळातले. अस्पृश्य म्हणून ज्यांस देवळाबाहेर ठेवण्यात येई त्यांच्यासह सर्व हिंदूंस त्यात प्रथमपासून प्रवेश होता. सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी वाचकांचे मत काहीही असो, ज्या गावात पाणवठ्यावर सोवळे सांभाळले जाई त्या गावात १९३१ साली हे घडले, एवढी गोष्ट त्या सभामंडपात उभे राहून आठवण्यासारखी खास आहे. आमच्या आजीस मात्र त्या देवळात जाण्यास पुढे वीस वर्षे लागली. ती गेली, आणि घरी येऊन तिने स्नान केले. पुढच्या वेळी गेली तेव्हा केले नाही. हे आम्हांस वडिलांनी सांगितले; याहून अधिक काही त्यांनी सांगितले नाही.

पण थिब्याची गोष्ट त्याच्या मरणाबरोबर संपत नाही. राजाचे शव ब्रह्मदेशी नेण्याची राणीची इच्छा सरकारने मानली नाही. १९१९ साली ते रत्नागिरीतच थडग्यात ठेवण्यात आले. २०१२ साली ब्रह्मदेशाचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे, राष्ट्राध्यक्ष त्या थडग्याच्या दर्शनास येऊन गेले. एरवी तिकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि आमच्या कन्येच्या यादीतही त्याचे नाव नव्हते. राणी मुलींसह रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र आपल्या लहान मुलीस घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली, कारण त्या मुलीचे वडील रत्नागिरीचे, वाड्यावरचे दरवान होते. ही मुलगी टूटू. ती रत्नागिरीत वाढली, मराठी बोलू लागली, तेथल्याच माणसाशी तिने लग्न केले, गरिबीत संसार केला, आणि २००० साली म्हातारी होऊन वारली. तिची मुलेबाळे रत्नागिरीकरच. आजोबांस जो तुरुंग होता, आईस जो नाइलाज होता, तो नातीस गाव झाला. तिला कोणी 'तू कोठली?' असे विचारले असते, तर तिने काय उत्तर दिले असते, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

आमच्या घराचा हिशेब याच्या नेमका उलटा आहे, आणि कन्येच्या प्रश्नाने आम्ही आठ दिवस अस्वस्थ होतो ते यामुळे. आमचे वडील १९५१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, मांडवीच्या धक्क्यावरून पडावात बसून बाहेर उभ्या असलेल्या आगबोटीवर गेले. बरोबर पत्र्याची ट्रंक, एक गोधडी आणि मुंबईच्या मामांच्या नावाची चिठ्ठी. त्या काळी कोकणातील घराघरांतून एक तरी मुलगा असा जाई, आणि त्याची मनिऑर्डर परत येई. वडिलांनी मुंबईस एका कचेरीत छत्तीस वर्षे कारकुनी केली. त्यांच्या हयातीत मे महिन्यात आम्ही गावी जात असू. आजी गेल्यावर घरास कुलूप लागले, मग कौले सरकली, मग वासे गेले. आंब्याची झाडे कराराने दिलेली आहेत. काजळीच्या वरच्या अंगास असलेल्या त्या गावात आता आमचा एक चौथरा आणि एक विहीर आहे, आणि विहिरीस पाणी उत्तम आहे. आम्ही रत्नागिरीस जातो ते लॉजमध्ये उतरतो. गेल्या खेपेस तेथील व्यवस्थापकाने वही पुढे ओढली, आमचा पुण्याचा पत्ता लिहिला, आणि 'येण्याचे कारण' या रकान्यात, आम्हांस न विचारताच, 'पर्यटन' असा शब्द घातला. त्याचे काय चुकले? अक्षर तर सुरेख होते.

राजाच्या घराण्यास परक्याचे रत्नागिरीकर होण्यास तीन पिढ्या लागल्या. रत्नागिरीकराचे पर्यटक होण्यास आमच्या घराण्यासही तीनच लागल्या.

वडील अखेरच्या आजारात असता आम्ही त्यांस एकदा, नुसते बोलते करण्यासाठी, विचारले होते, 'अण्णा, रत्नागिरीत पाहण्यासारखं काय हो?' ते पुष्कळ वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'धक्का. दुसरं काय आहे तिथं?' आणि आम्ही उठू लागलो तेव्हा, 'आणि पाऊस.'

पावसाविषयी म्हणाल, तर वडिलांशी आम्ही पूर्ण सहमत आहो. हिवाळ्यात रत्नागिरी सुरेख असते, मे महिन्यात तेथे घामाच्या धारा लागतात आणि हापूसच्या पेटीने त्यांची भरपाई होते. पण गाव खरे दिसते ते आषाढात. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस येथे पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पूर्वी या दिवसांत बोटी बंद असत, घाटातील वाटा तुटत, आणि गाव आपल्यापुरते उरे. रात्री अंथरुणावर पडल्यावर समुद्राची गाज ऐकू येते. एखादे मोठे जनावर झोपेत श्वास घेत असावे तशी. जांभ्याचे सडे एरवी ओसाड, करपलेले दिसतात. पावसात त्यांवर इवलाली फुले येतात आणि डबक्यांतून आभाळ साचते. याच सड्यांवर गेल्या काही वर्षांत प्राचीन माणसाने खोदलेली चित्रे मोठ्या संख्येने उजेडात आली आहेत. उक्षीचा हत्ती रत्नागिरीहून सहज पाहून येण्यासारखा आहे. ही कातळशिल्पे कोणी व कशासाठी खोदली याविषयी विद्वानांत वाद आहेत. गावकरी आपल्या गुरांसह त्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चालत गेले, आणि त्यांस त्यात पाहण्यासारखे काही वाटले नाही. चिपळूणच्या त्या विद्यार्थ्याचे आम्हांस पुन्हा स्मरण होते.

खाण्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर घरची मंडळी आम्हांस क्षमा करणार नाही. मोठ्या पाट्यांची हॉटेले टाळावी आणि एखाद्या घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवावे. माशाचे कालवण, तिसऱ्या, आणि वर सोलकढी. शाकाहाऱ्यास फणसाची भाजी, काजूगरांची उसळ आणि उकडीचे मोदक. जेवल्यावर झोपावे. याद्यांतून ही गोष्ट गाळलेली असते, पण कोकणातील दुपारी याहून शहाणपणाचे दुसरे काही करता येत नाही. वाचनप्रिय मंडळींनी नगर वाचनालयात डोकावावे. ते १८२८ साली स्थापन झालेले आहे. मिऱ्याच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० च्या चक्रीवादळात एक परदेशी मालवाहू जहाज येऊन रुतले आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच पडून राहिले. लोक त्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढून घेत. दूरदेशीचे काही येऊन अडकले की ते पाहावयास जमण्याची या गावास जुनी सवय आहे.

राहता राहिला मांडवीचा धक्का. तेथे संध्याकाळी जावे. आता तेथून कोणी आगबोटीवर जात नाही. भेळेच्या गाड्या लागतात, फुगेवाले असतात, लहान मुले उंटावर बसण्याचा हट्ट धरतात, आणि धक्क्याच्या अगदी टोकास चारदोन माणसे गरी टाकून स्वस्थ बसलेली असतात. गेल्या मार्गशीर्षात आम्ही तेथवर चालत गेलो. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा दोरी बोटास गुंडाळून बसला होता. त्याच्या डब्यात तीन बारीक मासे होते. आम्ही बराच वेळ शेजारी उभे राहिलो, तेव्हा मान न वळविता त्याने विचारले,

'तुम्ही कुठले?'

आम्ही काजळीकाठच्या आमच्या गावाचे नाव सांगितले. पुण्याचे सांगितले नाही.

'तिथं कुणाचे?'

हा प्रश्न फक्त कोकणातच विचारला जातो. आम्ही घराची खूण सांगितली: देवळाच्या वरच्या अंगास, विहिरीजवळचे. त्याने थोडा विचार केला. त्याची आत्या त्या वाडीत दिलेली होती, असे पुढे बोलण्यातून कळले.

'तिथं आता कोण नाय ऱ्हात,' तो म्हणाला, आणि दोरीस ओढ लागली म्हणून उठून उभा राहिला.